१६ जुलै की १७ ऑगस्ट? शेरिलच्या वाढदिवसाचं प्रकरण

१० एप्रिल २०१५ ला सिंगापूरमधले टीव्ही निवेदक केनेथ काँग यांनी गणिताच्या एका प्रश्नाचा फोटो फेसबुकवर टाकला आणि काही दिवसांत तो जगभर फिरला. हा पाचवीच्या मुलांचा प्रश्न आहे, असं सुरुवातीला पसरलं. तसं नव्हतं. ८ एप्रिलला झालेल्या सिंगापूर आणि आशियाई शालेय गणित ऑलिंपियाडमध्ये तो १४-१५ वर्षांच्या मुलांना विचारला होता. २५ प्रश्नांपैकी त्याचा क्रमांक २४वा होता, म्हणजे अवघड प्रश्नांच्या घोळक्यातला.

प्रश्न सोडवणाऱ्यांत दोन तट पडले. एका तटाचं उत्तर १६ जुलै, दुसऱ्याचं १७ ऑगस्ट. आयोजकांचं उत्तर १६ जुलै होतं आणि तेच बरोबर आहे. पण १७ ऑगस्टवाले अंदाजपंचे बोलत नव्हते. त्यांचा तर्क पायरीपायरीने जातो, कुठे अडखळत नाही, आणि शेवटी एकच तारीख हातात येते. मी हे कोडं पहिल्यांदा सोडवलं तेव्हा माझंही उत्तर १७ ऑगस्टच आलं होतं. बरोबर उत्तर वाचून माझं समाधान झालं नाही, कारण माझ्या तर्कातली चुकीची पायरी मला दिसत नव्हती. ती पायरी शोधताना या कोड्याची जी रचना उलगडत गेली, ती इथे सविस्तर मांडते आहे.

कोडं असं. अल्बर्ट आणि बर्नार्ड यांची शेरिलशी नुकतीच ओळख झाली आहे. त्यांना तिचा वाढदिवस जाणून घ्यायचा आहे. ती त्यांना दहा तारखांची यादी देते:

मे: १५, १६, १९
जून: १७, १८
जुलै: १४, १६
ऑगस्ट: १४, १५, १७

मग ती अल्बर्टला फक्त महिना सांगते आणि बर्नार्डला फक्त तारखेचा आकडा. दोघांना वेगवेगळं सांगते, पण कोणाला काय सांगितलं आहे हे दोघांनाही ठाऊक आहे. त्यानंतरचं संभाषण एवढंच:

अल्बर्ट: शेरिलचा वाढदिवस कधी असतो हे मला माहीत नाही, पण बर्नार्डलाही ते माहीत नाही हे मला माहीत आहे.
बर्नार्ड: आधी मला माहीत नव्हतं, पण आता कळलं.
अल्बर्ट: मग मलाही कळलं.

वाढदिवस कधी?

पुढे वाचण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन स्वतः एकदा प्रयत्न करून पाहा. उत्तर चुकलं तरी चालेल, कुठल्या क्रमाने तारखा खोडल्या तेवढं मात्र लिहून ठेवा.

१६ जुलैपर्यंतची वाट

अल्बर्टच्या वाक्याचा पहिला भाग, ‘मला माहीत नाही’, आपल्याला काहीच सांगत नाही. प्रत्येक महिन्यात किमान दोन तारखा आहेत, त्यामुळे नुसता महिना कळून वाढदिवस कळणं शक्यच नाही. अल्बर्टला माहीत नाही हे तो बोलायच्या आधीच सगळ्यांना ठाऊक होतं.

सगळा जोर दुसऱ्या भागात आहे. बर्नार्डला नुसत्या आकड्यावरून वाढदिवस केव्हा कळला असता? त्याला १८ किंवा १९ सांगितलं असतं तर. हे दोन आकडे यादीत एकदाच येतात: १८ जूनमध्ये, १९ मेमध्ये. बाकी प्रत्येक आकडा दोनदा आहे.

अल्बर्टच्या हातात फक्त महिना आहे. त्याला ‘मे’ सांगितलेलं असतं तर त्याला वाटलं असतं, कदाचित १९ असेल, आणि तसं असेल तर बर्नार्डला कळलेलंही असेल. म्हणजे ‘बर्नार्डला माहीत नाही’ असं तो खात्रीने म्हणू शकला नसता. ‘जून’ असतं तर १८ मुळे तीच अडचण. तो खात्रीने बोलतो आहे, अर्थात त्याचा महिना मे नाही आणि जूनही नाही. हे दोन्ही महिने पूर्ण खोडायचे, त्यांतल्या सगळ्या तारखांसकट.

उरल्या पाच तारखा: १४ जुलै, १६ जुलै, १४ ऑगस्ट, १५ ऑगस्ट, १७ ऑगस्ट.

बर्नार्डही हाच विचार करतो आणि त्याला उत्तर मिळतं. त्याचा आकडा १४ असता तर जुलै की ऑगस्ट हा प्रश्न तसाच राहिला असता. म्हणून १४ बाद. उरल्या १६ जुलै, १५ ऑगस्ट, १७ ऑगस्ट.

आता अल्बर्ट म्हणतो, मलाही कळलं. त्याचा महिना ऑगस्ट असता तर १५ की १७ हे त्याला ठरवता आलं नसतं. म्हणून जुलै. वाढदिवस १६ जुलै.

अशा कोड्यात उत्तर मिळालं की मी एक गोष्ट न चुकता करते: उत्तर खरं मानून सगळं संभाषण पुन्हा घडवून पाहते. अल्बर्टकडे ‘जुलै’ची चिठ्ठी आहे, बर्नार्डकडे ‘१६’ची. जुलैमधले १४ आणि १६ हे दोन्ही आकडे यादीत दोनदा येतात, म्हणून अल्बर्ट पहिलं वाक्य प्रामाणिकपणे बोलू शकतो. बर्नार्डला आधी १६ मे की १६ जुलै हा प्रश्न होता, मे बाद झाल्यावर तो सुटला. अल्बर्टला १४ की १६ हा प्रश्न होता. बर्नार्डचा आकडा १४ असता तर तो ‘कळलं’ म्हणालाच नसता, म्हणून १६. तिन्ही वाक्यं खरी ठरतात.

आता हाच प्रयोग १७ ऑगस्टवर करू. अल्बर्टकडे ‘ऑगस्ट’. १४, १५, १७ तिन्ही आकडे दोनदा येतात, पहिलं वाक्य खरं. बर्नार्डकडे ‘१७’. त्याला जून की ऑगस्ट हा प्रश्न होता, जून बाद झाल्यावर सुटला, दुसरं वाक्य खरं. आणि तिसरं? अल्बर्टला दिसतं आहे की बर्नार्डचा आकडा १५ असता तरी तो ‘कळलं’ म्हणाला असता आणि १७ असता तरी म्हणाला असता. त्याच्यापुढे दोन तारखा उभ्या आहेत. ‘मलाही कळलं’ हे वाक्य तो खरेपणाने बोलू शकत नाही.

एवढ्यावर १७ ऑगस्टचा निकाल लागतो. पण तो निकाल कळूनही माझी मूळ अडचण तशीच होती. मी वेगळ्या वाटेने गेले होते, त्या वाटेवर खोट कुठे होती?

१७ ऑगस्टची वाट

ती वाट अशी. बर्नार्डला माहीत नाही, म्हणून १८ आणि १९ हे आकडे बाद: १८ जून आणि १९ मे खोडा. आता जूनमध्ये एकटी १७ तारीख उरली. अल्बर्टचा महिना जून असता तर त्याला वाढदिवस कळला असता, पण तो म्हणतो माहीत नाही. म्हणून १७ जूनही खोडा. उरल्या १५ मे, १६ मे, १४ जुलै, १६ जुलै, १४ ऑगस्ट, १५ ऑगस्ट, १७ ऑगस्ट. बर्नार्डला आता कळलं, म्हणजे त्याचा आकडा या यादीत एकदाच यायला हवा. १४ दोनदा, १५ दोनदा, १६ दोनदा, १७ एकदा. उत्तर १७ ऑगस्ट.

नीटनेटकं दिसतं ना? यात आकडेमोडीची चूक एकही नाही. चूक पहिल्याच वाक्यात आहे: ‘बर्नार्डला माहीत नाही, म्हणून’. अल्बर्ट असं म्हणालाच नव्हता. तो म्हणाला होता, ‘बर्नार्डला माहीत नाही हे मला माहीत आहे.’

बर्नार्डला माहीत नसणं ही एक वस्तुस्थिती आहे. ती अल्बर्टला माहीत असणं ही दुसरी वस्तुस्थिती, आणि ती पहिलीपेक्षा बरीच मोठी आहे. समजा वाढदिवस १६ मे आहे. बर्नार्डकडे १६, त्याला खरोखरच माहीत नाही. पण अल्बर्टकडे ‘मे’ आहे, त्याच्या दृष्टीने १९ अजून शक्य आहे, त्यामुळे बर्नार्डला माहीत नाही हे त्याला कळायला काही मार्गच नाही. पहिली गोष्ट खरी, दुसरी खोटी. वरच्या वाटेने जाणारा माणूस १६ मे यादीत ठेवतो, कारण त्याने फक्त पहिली तपासलेली असते.

मराठीत हा फरक एका शब्दाने दाखवता येतो. ‘बर्नार्डला माहीत नाही म्हणे.’ हा ‘म्हणे’ सांगतो की माहिती ऐकीव आहे, कुणीतरी येऊन सांगून गेलं. याउलट ‘बर्नार्डला माहीत असूच शकत नाही’ यातल्या ‘असूच’ला ऐकीव माहितीचा आधार लागत नाही, स्वतःच्या हातातल्या चिठ्ठीवरून काढलेला तो निष्कर्ष आहे. अल्बर्टचं वाक्य या दुसऱ्या जातीचं आहे. मी ते वाचताना नकळत एक ‘म्हणे’ जोडला होता, जणू बर्नार्डने आधीच येऊन ‘मला काही कळलं नाही बुवा’ असं अल्बर्टला सांगितलं होतं. कोड्यात असं कुठेही घडत नाही. अल्बर्ट पहिला बोलतो. त्याच्याआधी सगळे गप्प होते. त्याच्या खात्रीला महिन्याच्या चिठ्ठीशिवाय दुसरा आधारच नाही.

वाद सुरू झाल्यावर आयोजकांनी १७ ऑगस्टचा युक्तिवादही विचारात घेतला आणि तो का टिकत नाही हे स्पष्ट केलं. मला ते आवडलं. चुकीच्या उत्तरामागे इतका सुसंगत विचार असतो तेव्हा त्याला नुसतं ‘चूक’ म्हणून पुढे जाणं अन्यायाचं आहे. शिवाय तो विचार एका वेगळ्या संभाषणासाठी अगदी बरोबर आहे. ते संभाषण हे:

बर्नार्ड: मला माहीत नाही.
अल्बर्ट: मलाही अजून माहीत नाही.
बर्नार्ड: आता मला कळलं.

इथे बर्नार्ड खरोखरच आधी बोलला, ‘म्हणे’ला जागा मिळाली, आणि १७ ऑगस्ट हेच उत्तर येतं. यात अल्बर्टच्या शेवटच्या ‘मलाही कळलं’ची गरजही उरत नाही, ते वाक्य न ऐकताच आपल्याला तारीख सापडलेली असते. मूळ कोड्यात एक अख्खं वाक्य बिनकामाचं ठरत असेल तर आपण काहीतरी चुकीचं वाचलं असावं, ही खूण मला तेव्हा दिसायला हवी होती. तो पुरावा नव्हे, पण थांबून मागे वळायला पुरेसं कारण आहे.

त्याच दहा तारखांवर आणखी एक संभाषण करून पाहा. बर्नार्ड: ‘मला माहीत नाही.’ अल्बर्ट: ‘मघाशी मलाही नव्हतं, आता कळलं.’ उत्तर १७ जून. आणि हे पाहा. बर्नार्ड: ‘मला माहीत आहे.’ अल्बर्ट: ‘मग मलाही.’ इथे त्या दोघांना वाढदिवस ठाऊक आहे, पण आपल्याला नाही: १९ मे आणि १८ जून दोन्ही शक्य राहतात. यादी तीच, माणसं तीच. कोण कधी काय बोललं एवढंच बदललं.

चिठ्ठ्यांऐवजी साखळी

याच्या पुढचं मला कागदावर रेघोट्या ओढताना सापडलं, आणि या प्रकरणातला माझा सगळ्यात आवडता भाग तोच आहे.

दहा तारखा दहा ठिपके म्हणून काढा. एकाच महिन्यातल्या तारखा रेघेने जोडा, आणि एकाच आकड्याच्या तारखाही जोडा. १५ मे पासून निघा. महिना तोच ठेवून १६ मे. आकडा तोच ठेवून १६ जुलै. मग १४ जुलै, १४ ऑगस्ट, १५ ऑगस्ट, आणि पुन्हा १५ मे. सहा तारखांचं एक बंद वर्तुळ तयार होतं. वर्तुळाबाहेर चार तारखा राहतात. १७ ऑगस्ट, १७ जून आणि १८ जून यांची एक शेपटी ऑगस्टच्या बाजूने लोंबते. १९ मे मेच्या बाजूला एकटी लटकते.

आता दोघं आळीपाळीने फक्त ‘मला माहीत नाही’ एवढंच म्हणत राहिले तर काय होईल? प्रत्येक ‘माहीत नाही’ शेपटीचं टोक कुरतडतं. बर्नार्डच्या पहिल्या नकाराने १८ जून आणि १९ मे जातात. अल्बर्टच्या नकाराने १७ जून. बर्नार्डच्या दुसऱ्या नकाराने १७ ऑगस्ट. शेपट्या संपल्या. उरलं वर्तुळ, आणि त्यात प्रत्येक महिन्याच्या दोन तारखा आहेत, प्रत्येक आकडाही दोनदा आहे. इथून पुढे ते रात्रभर ‘मला माहीत नाही’ म्हणत बसले तरी एकही तारीख कमी होणार नाही.

आणि १६ जुलै या वर्तुळातच आहे. म्हणजे खरा वाढदिवस १६ जुलै असताना दोघं केवळ आपापलं अज्ञान सांगत राहिले असते तर त्यांना तो कधीच सापडला नसता. अल्बर्टच्या ‘त्याला माहीत नाही हे मला माहीत आहे’ या एका वाक्याने वर्तुळातला मेचा तुकडा तोडला, आणि उरलेलं आपोआप सुटत गेलं. स्वतःच्या अज्ञानाबद्दल बोलण्यापेक्षा दुसऱ्याच्या अज्ञानाबद्दल खात्रीने बोलण्यात जास्त माहिती असते, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारं उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

१७ ऑगस्ट हे चुकीचं उत्तर इतकं साजरं का दिसतं, याचाही उलगडा इथे होतो. शेपटी कुरतडत गेलं की वर्तुळाला भिडण्याआधीची शेवटची तारीख तीच. आणखी एक पायरी पुढे गेलो असतो तर वाट खुंटली असती.

दुसऱ्याला काय कळलं आहे यावरून आपल्याला काय कळतं, या जातीची कोडी जुनी आहेत. इंग्लंडचे गणिती लिटलवूड यांनी १९५३ मध्ये रेल्वेच्या डब्यातल्या तीन बायकांचं कोडं छापलं. तिघींचे चेहरे काजळलेले, तिघी एकमेकींना हसताहेत, आणि अचानक एकीला कळतं की आपलाही चेहरा काळा आहे. कसं? आपला चेहरा स्वच्छ असता तर दुसरीला वाटलं असतं, ‘माझाही स्वच्छ असेल तर तिसरी कुणाला हसते आहे?’ आणि ती हसायची थांबली असती. ती थांबत नाही, म्हणून. १९६९ मध्ये डच गणिती हान्स फ्रॉइडेनथाल यांनी एकाला दोन संख्यांची बेरीज आणि दुसऱ्याला गुणाकार सांगून असंच संभाषण घडवलं. शेरिलचं कोडं त्याच घराण्यातलं आहे, फक्त अंकगणित काढून घेतल्यामुळे तर्काचा सांगाडा उघडा दिसतो. लोकांची मती गुंग झाली ती याचमुळे, असं मला वाटतं. गणित अवघड म्हणून सोडून द्यावं तर यात गणितच नाही.

हे कोडं कुणाला समजावायचं असेल तर फळ्यावर तारखा खोडून दाखवू नका. दोघांना समोरासमोर बसवा, एकाला महिन्याची चिठ्ठी द्या, दुसऱ्याला आकड्याची, आणि महिन्यावाल्याला विचारा: ‘समोरच्याला कळलेलं नाही अशी पैज लावशील?’ मेची चिठ्ठी हातात असलेला माणूस थबकतो. ‘१९ असेल तर?’ असं तो आपणहून म्हणतो. मी जिथे चुकले होते ती जागा त्याला विचारही न करता दिसते, कारण तो स्वतः अल्बर्ट झालेला असतो आणि मी वरून सगळ्या तारखांकडे पाहत होते.

शेवटी एक पडताळा, जो मी बराच उशिरा केला. मूळ यादीतून १९ मे ही एकच तारीख काढून टाका आणि अल्बर्ट-बर्नार्डचं मूळ संभाषण एकही शब्द न बदलता पुन्हा सोडवा. मेमध्ये १५ आणि १६ उरल्या, दोन्ही आकडे दोनदा येतात, म्हणून आता मे हातात असलेला अल्बर्टही खात्रीने बोलू शकतो. फक्त जून बाद होतो. उरतात १५ मे, १६ मे, १४ जुलै, १६ जुलै, १४ ऑगस्ट, १५ ऑगस्ट आणि १७ ऑगस्ट. बर्नार्डला कळलं, म्हणजे १७. अल्बर्टलाही कळलं, काही हरकत नाही. या यादीसाठी १७ ऑगस्ट हेच खरं उत्तर आहे.

१९ मे खोडायची आहे यावर दोन्ही तटांचं एकमत होतं. आम्ही १७ ऑगस्टवाल्यांनी ती आधी खोडली आणि मग विसरून गेलो की अल्बर्ट बोलला तेव्हा ती यादीत होती.